हजेरीतली टिंबं

एकदा एक शिक्षिका आपल्या जुन्या सरांकडे सल्ला मागायला गेली. सल्ला मागायला येणाऱ्या माणसाचा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो, त्याला फक्त कुणाची तरी मान हललेली पाहायची असते. हिचा मात्र खरोखरच झाला नव्हता, आणि शनिवारपर्यंत तो व्हायलाच हवा होता.

तिचं नाव उल्का. पूर्वेकडच्या एका दूरच्या देशात, एका मोठ्या शहरातल्या खासगी क्लासमध्ये ती पाच वर्षं मुलांना इंग्रजी शिकवत होती. पगार असा, की तो ऐकून इथल्या मुख्याध्यापकांनी पुन्हा एकदा विचारून घ्यावं. राहायला क्लासचीच खोली, त्यामुळे खर्च नावापुरता. त्या शिलकेतून आईवडिलांची भाड्याची घरं संपली आणि त्यांच्या स्वतःच्या दोन खोल्या झाल्या. धाकट्या भावाचं फार्मसीचं शिक्षण निम्म्यावर आलं होतं. आता ती सुट्टीवर घरी आली असताना क्लासनं पगार वाढवून आणखी तीन वर्षांचा करार पुढे केला होता, आणि शनिवारपर्यंत उत्तर मागितलं होतं. त्याच सुमारास त्याच देशातल्या डोंगराळ भागातून एका लहानशा शाळेचंही बोलावणं आलं होतं. तिथं पगार तिसरा हिस्सा, म्हणजे पोटापुरता. पण शिकवायची मोकळीक होती आणि क्लासमधल्या चाळिसांच्या जागी वर्गात वीसच मुलं होती. घरचे म्हणत, "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मैत्रिणी म्हणत, "पैसा काय गं, कधीही मिळतो. अनुभव महत्त्वाचा." असं म्हणणाऱ्या दोघींच्याही घरी वडिलोपार्जित दुकानं होती, हे इथं नमूद केलेलं बरं.

बोंद्रे सर शाळेच्या मागच्या गल्लीत एकटेच राहत. चाळीस वर्षं त्यांनी त्या तालुक्याच्या गावात इंग्रजी शिकवलं. उल्काला पहिलं इंग्रजी वाक्य त्यांनीच बोलायला लावलं होतं. बुधवारी पावणेअकराला ती त्यांच्या दारात पोहोचली, आणि उंबऱ्याशीच थबकली. सर ओसरीवर खुर्चीत ताठ बसून हजेरी घेत होते. समोर कुणीही नव्हतं.

"अहिरे बापू... उगले रमाकांत... कदम सुशीला..."

प्रत्येक नावानंतर ते क्षणभर थांबत, डोळे मिटत, आणि पुढच्या नावाकडे वळत. एका नावाला मात्र बराच वेळ थांबले. मग पेन्सिलीनं वहीत एक टिंब दिलं.

शेजारच्या बाई कुंपणापलीकडून हळूच म्हणाल्या, "रोजचंच आहे हो हे. शाळेची घंटा व्हायच्या आधी पंधरा मिनिटं. वय झालं की असं व्हायचंच." ज्याच्याकडे शहाणपण मागायला आलो, त्याचंच हरवलेलं दिसतंय, असं उल्काला वाटलं.

पण सरांनी वही मिटली, चष्मा काढला आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "उल्के, पुन्हा उशीर? बस."

चहा झाला. तिनं सगळं सांगितलं. दोन्ही पगार सांगितले, शिल्लक सांगितली, भावाची राहिलेली दोन वर्षं सांगितली. शेवटी म्हणाली, "सर, एका पारड्यात पैसा आहे आणि दुसऱ्यात अनुभव. मला ठरवता येत नाहीये."

सर म्हणाले, "तुझ्या वर्गाची हजेरी घे बघू."

"माझ्या? आत्ता?"

"कुठल्याही एका वर्गाची. मी ऐकतो."

उल्काला हसू आलं. आठवून आठवून तिनं सुरुवात केली, "हेन्री, लिली, जेसन, एमा, ऑस्कर..."

"ही सगळी साहेबाची पोरं की काय तिथं?"

"नाही हो सर, तिथलीच मुलं. क्लासची पद्धत आहे तशी. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक इंग्रजी नाव द्यायचं. छापील यादी असते, त्यातून मीच देते. माझंही तिथं ॲना आहे. उल्का त्यांना जड जातं."

"बरं. मग आता खरी नावं सांग."

ती हातातला रिकामा कप फिरवू लागली.

"चाळीसातली चार तरी?"

सर आणखी काही बोलले असते, पण समोर बघून थांबले. उल्का रडत होती. रडणं आवाजाचं नव्हतं. कधीपासून आतच राहिलेलं काहीतरी आज बाहेर पडत होतं.

मग तिनं जे सांगितलं, ते तिनं घरी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तिथं दिवसाला चाळीस चाळीस मिनिटांचे दहा तास असत. कोणत्या मिनिटाला कोणतं वाक्य म्हणायचं, ते पुस्तकात लिहिलेलं. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला तीन मिनिटं. दोन महिन्यांपूर्वी त्या तीन मिनिटांत एक बाई दाराशी आली. अंगावर कुठल्याशा उपाहारगृहाचा एप्रन होता, घाईनं कामावरूनच आलेली. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं एक नाव दोनदा घेतलं आणि हातांनी वहीची खूण केली. उल्कानं यादी पाहिली. यादीत ते नाव नव्हतं. ती नम्रपणे म्हणाली, "नाही. माझ्या वर्गात असा मुलगा नाही." बाई जरा वेळ उभी राहिली, कमरेत वाकून नमस्कार करून गेली.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकानं सांगितलं, दुसऱ्या रांगेतली हेन्रीची जागा रिकामी झाली आहे, नव्या मुलाचं नाव घाला. चार दिवसांपूर्वी रस्त्यावर त्याला गाडीनं उडवलं होतं. काल त्याची आई वही न्यायला आली होती.

"मी तिला म्हटलं सर, असा मुलगाच नाही म्हणून. तो रोज माझ्यासमोर दोन हातांवर बसायचा. त्याचं नाव हेन्री मीच ठेवलं होतं." उल्कानं बॅग जवळ ओढली. "पत्ता मागितला तर म्हणाले, नियमात बसत नाही. मी पुन्हा विचारलंच नाही. वही कपाटात सापडली. ती तशीच इकडे घेऊन आलेय."

तिनं बॅगेतून वही काढली. निळं पुठ्ठ्याचं वेष्टन, त्यावर इंग्रजीत हेन्री. त्याखाली त्या मुलानं पेन्सिलीनं बारीक, तीन चौकोनी अक्षरं काढलेली होती. सरांनी वही दोन्ही हातांनी घेतली.

"हे खाली काय लिहिलंय?"

"त्यांच्या लिपीत आहे. त्याचं खरं नाव असणार."

"वाच ना."

"मला येत नाही सर."

"किती वर्षं होतीस तिथं?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. शाळेत मधल्या सुट्टीची घंटा झाली. शेवटी उल्का म्हणाली, "म्हणजे माझी चूक मला कळली. मी पैशाच्या मागे लागले. आता डोंगरातल्या त्या शाळेतच जायला हवं. हो ना?"

"खुळी आहेस," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यात वर्गातली जुनी धार होती. "इतका सोपा धडा शिकायला एक मूल जावं लागलं का?"

मग त्यांनी आपली वही तिच्यासमोर उघडली. शाळेचं दफ्तर शाळेतच राहतं, पण सरांनी दर वर्षीच्या वर्गाची नावं स्वतःच्या वहीत उतरवून ठेवली होती. पानोपानी काही नावांपुढे टिंबं होती.

"मी चौतिशीत असताना आफ्रिकेतल्या एका शाळेचं पत्र आलं होतं. चौपट पगार. मी गेलो नाही. माझी मुलं, माझी शाळा, असं मोठ्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं. गावानं सत्कार केला, नारळ दिला. पुढे तुझ्या काकूच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. मी म्हणालो, पैसे जमेपर्यंत गोळ्यांवर काढू. पैसे जमले तेव्हा ती उरली नव्हती. तेव्हा माझ्यासमोर पैशाला नावं ठेवू नकोस. तुझ्या आईच्या डोक्यावर छप्पर आहे, ते तुझ्या पगाराचं आहे. ते पुण्यच आहे."

सरांनी टिंबांवर बोट ठेवलं.

"ती गेल्यावर मला वाटलं, पैसा नाही कमावला, पण अनुभव तरी गाठीला आहे. तो बघू म्हणून नावं वाचायला घेतली. नाव घेतलं की चेहरा यायला हवा. ज्याचा येत नाही, तिथं टिंब देतो. हा बघ, गोवर्धन म्हणून कुणी. वर्षभर माझ्यासमोर बसला. मला याचं नाकसुद्धा आठवत नाही. अशी टिंबं किती आहेत, मोजायचं मी सोडून दिलं. कमी पगारात काम केलं की अनुभव आपसूक मिळतो, असं समजून मी चाळीस वर्षं काढली. तसं नसतं, उल्के. पगार तासाचा मिळतो. त्या तासात समोर कोण बसलंय, ते आपलं आपण बघून घ्यावं लागतं. ते मोठ्या पगारातही बघता येतं आणि छोट्या पगारातही राहून जातं. तू डोंगरात जाशील आणि तिथंही यादी वाचशील. तुझी दोन पारडी कधी नव्हतीच. पैसा तुला हवा होता, तो तू घेतलास, बरं केलंस. दुसरं जे होतं, ते तुझ्या समोरच्या बाकावर रोज बसत होतं. ते घ्यायला कुणी मनाई केली होती?"

"तीन मिनिटंच असायची सर," ती कसंबसं म्हणाली.

"नाव विचारायला किती लागतात?"

सरांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते भाकरी टाकायला आत गेले.

दुपारभर उल्का ओसरीवर बसून राहिली. मोबाईलवर त्या लिपीची मुळाक्षरं काढली आणि सरांनी दिलेल्या पाठकोऱ्या कागदावर गिरवू लागली. लिपी सोपी होती. पाच वर्षांत जी आली नाही, ती चार तासांत आली. दर अक्षराला तिला आणखी वाईट वाटत होतं. अवघड असती तर काही सबब तरी उरली असती. उन्हं कलता कलता तिनं निळी वही समोर धरली आणि जोडून जोडून वाचलं.

"हान सी यून. हान आडनाव असणार. मुलगा सीयून."

हेच नाव त्या बाईनं दोनदा घेतलं होतं. आता तिला तो आवाजही आठवला.

सर म्हणाले, "मग करार?"

"सही करते. पण तीन वर्षांची नाही, दोन. भावाचं पूर्ण होईपर्यंत. नाही मानलं तर बघू. आणि गेल्या गेल्या त्या बाईला शोधते. शहरात उपाहारगृहं असतील हजार दोन हजार. पण एप्रनवर एक लाल मासा होता, तेवढं आठवतंय."

"ती वही घेईलच असं नाही," सर म्हणाले. "दारही उघडणार नाही कदाचित."

"माहीत आहे."

त्यांनी मान हलवली. बरं वाटेल असं काही ते बोलले नाहीत, कारण तसं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी पावणेअकराला ती पुन्हा आली. सर हजेरीला बसलेच होते. तिला पाहून त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. आपलं पान त्यांनी नेहमीसारखं वाचलं, दोन टिंबं दिली, आणि शेवटचं नाव झाल्यावर तिच्याकडे पाहिलं.

उल्कानं घसा साफ केला. "हान सीयून."

वर्गात मुलानं उत्तर द्यावं म्हणून शिक्षक जेवढा थांबतो, तेवढे सर थांबले. कुंपणापलीकडे शेजारच्या बाईही धुणं हातात घेऊन उभ्या राहिल्या होत्या.

"चेहरा आला?" सरांनी विचारलं.

"आला. पेन्सिलीचं टोक खालच्या ओठावर दाबून धरायचा. उत्तर येत असलं की आधी छताकडे बघायचा."

"मग टिंब नको," असं म्हणून सरांनी एक कोरी वही तिच्या हातात ठेवली.

परतीच्या बसमध्ये तिनं ती उघडली. पहिल्या ओळीत तिनं सीयूनचं नाव लिहिलं, त्याच्याच लिपीत, वळण जरा चुकलेलं. मग दुसऱ्या ओळीपासून त्या वर्गातली बाकीची मुलं आठवत गेली. बाकं आठवली, दप्तरं आठवली, एकीचा लाल रेनकोट आठवला. खरं नाव एकही आलं नाही. तिनं कुठलीच ओळ सोडली नाही. गाव येईपर्यंत पान भरलं. एक नाव, आणि त्याखाली एकोणचाळीस टिंबं. त्या एकोणचाळिसांचा पगार तिनं दर महिन्याला पुरता घेतला होता.