भुजंगराजांचा राखणदार

वेणगावच्या भुजंगराजांनी ठकूबाई धनगरणीचा गुंड्या नावाचा कुत्रा जप्त केला. कारण काय, तर त्याने एकट्याने दोन लांडगे पळवून लावल्याचे राजांच्या कानावर आले होते. "असला कुत्रा मेंढरांमागे? शोभत नाही. तो आमच्या सिंहासनाशेजारी हवा!" राजे म्हणाले आणि शिपायांनी गुंड्याला चांदीच्या साखळीने सिंहासनाच्या पायाला बांधले.

आठ दिवसांत लांडग्याने ठकूबाईच्या तीन मेंढ्या नेल्या. नवव्या दिवशी काखेत कोकरू घेऊन ती थेट दरबारात उभी राहिली.

"महाराज, माझा कुत्रा द्या. त्याच्याबिगर कळप ऱ्हात न्हाय."

"आणि आम्ही राहतो?" राजे म्हणाले. "उद्या कुणी आमच्यावर चालून आले तर हा जिवावर उदार होऊन आम्हाला वाचवील. काय अंताजीपंत?"

अंताजीपंत म्हणजे दिवाण. राजांनी दिवसा चांदणे पडले म्हटले, तर हे तारे मोजून दाखवणार. "प्रश्नच नाही महाराज. आठ दिवस राजवाड्याचे मटण खातोय. खाल्ल्या मिठाला जागणारच. आणि कुत्र्याचे कशाला? आम्ही सगळे मानकरी आधी प्राण देऊ, कुत्र्याची पाळी येईपर्यंत."

सगळ्या मानकऱ्यांनी माना डोलवल्या. प्राण द्यायचे वचन फुकट असते, त्यामुळे दरबारात त्याची कधी टंचाई नसे.

"त्यो तुमाला न्हाई राखायचा," ठकूबाई शांतपणे म्हणाली.

राजांच्या मिशा थरथरल्या.

"असं? मग आत्ता इथेच दाखवून दे. पण आमच्यावर कुणी हात उगारायचा नाही, हत्यार काढायचे नाही आणि बाहेरून हिंस्र जनावर आणायचे नाही. दाखवलेस तर कुत्रा तुझा. नाही दाखवलेस तर कायमचा आमचा, आणि पुन्हा राजवाड्याची पायरी चढायची नाही."

अंताजीपंत खुशीत हसले. धोका आणायचा नाही आणि धोक्यात कुत्रा राजांना राखत नाही हे दाखवायचे! पाण्यात न उतरता पोहून दाखवण्यातलाच प्रकार.

ठकूबाईने क्षणभर गुंड्याकडे पाहिले. तो बिचारा तिच्याकडे बघून शेपूट हलवत होता.

"कबूल. पर आधी माझा नजराणा घ्या. रिकाम्या हातानं दरबारात येऊ नये म्हंत्यात." तिने कोकरू पुढे केले. "आमच्यात नजराण्याचं कोकरू घेणाऱ्यानं सोताच्या हातानं उचलून घ्यायचं असतं. चाकरानं घेतलं तर ते चाकराचं."

नजराणा चाकराचा व्हावा असा राजा अजून जन्मायचा आहे. भुजंगराजे लगबगीने उठले. मेंढरू कसे धरतात हे त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्यांनी कोकराचे मागचे दोन पाय धरून त्याला उलटे उचलले. कोकरू जीव खाऊन ओरडले.

गुंड्या उठला. त्याच्या मानेवरचे केस ताठ झाले, दात बाहेर आले आणि त्याने राजांच्या जरीच्या अंगरख्याचे टोक धरले. ते सोडेना. घशातून गुरगुर अशी येत होती की सिंहासनाची गादी हादरावी.

"अरे, धरा याला! अंताजीपंत!"

अंताजीपंत खांबामागे होते. प्राण देणारे बाकीचे मानकरी पडद्यांमागे गेले होते, आणि एक तर नगाऱ्याखाली.

"कोकरू हळू खाली ठिवा, महाराज," ठकूबाई म्हणाली.

राजांनी कोकरू खाली ठेवले. गुंड्याने अंगरखा सोडला, कोकराला चाटले आणि त्याला पोटाशी घेऊन बसला.

"तू आमच्यावर कुत्रा घातलास!" राजे गरजले.

"म्या हात उगारला न्हाई, हत्यार काढलं न्हाई. कुत्रा तर तुमीच बांधून ठिवला व्हता. धोका कोकराला व्हता. त्यानं कोकरू राखलं."

"आठ दिवस आमचे खाऊन त्याने आम्हाला ओळखलेही नाही?"

"वळखलं की. म्हनून तर नुसता अंगरखा धरला."

राजे मटकन सिंहासनावर बसले. "पण मग मीठ? मटण?"

"मटणानं राखणदार तयार हुत न्हाईत, महाराज. आमी पिल्लाचं डोळं उघडायच्या आधी त्याला मेंढरांत सोडतो. त्यांच्यातच निजतं, त्यांच्यातच वाढतं. ज्याच्याशेजारी वाढलं, त्येलाच ते आपलं मानतं आन् राखतं."

"आणि आमचे मानकरी? ते तर लहानपणापासून आमच्या शेजारी वाढलेत."

"तुमच्या शेजारी का तुमच्या ताटाशेजारी, ते बघाया पायजे."

"ते कसे बघणार?"

"पानं वाढली म्हनून हाळी द्या."

राजांनी खांबाकडे पाहिले, पडद्यांकडे पाहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, पाने वाढली!"

खांबामागून अंताजीपंत पगडी सावरत निघाले. पडद्यांमागून मानकरी आले. नगाऱ्याखालचा तर सगळ्यांच्या पुढे होता. रांग लागली, आणि पहिल्या पाटावर कोण बसणार यावरून दोघांची हुज्जतही सुरू झाली.

भुजंगराजे इतके हसले की मुकुट घसरून नाकावर आला. त्यांनी स्वतःच्या हाताने चांदीची साखळी सोडली. गुंड्या ठकूबाईला परत मिळाला, राजवाड्यामागचे कुरण तिच्या कळपाला कायमचे चरायला मिळाले, आणि त्या दिवशीची सगळी वाढलेली पाने राजांनी तिच्या धनगरवाड्यावर पाठवून दिली.