टाकीवाली तायव्वा

करंजओढ्याला सडक नव्हती, गिरणी नव्हती आणि घराघरांतली सकाळ जात्याच्या घरघरीनं उजाडायची, त्या काळातली ही हकिगत.

तेव्हा ओढ्याच्या वरच्या अंगाला माळावर तायव्वा राहायची. दगड घडवणाऱ्यांच्या घरातली बाई. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की दाणे नुसतेच फिरतात, पीठ पडत नाही. मग तायव्वा खांद्याला झोळी लावून गावात यायची. "जात्याला टाकी लावायचीऽऽ" अशी हाळी द्यायची आणि छिन्नी-हातोडीनं दगड पुन्हा खरबरीत करून द्यायची. तिच्या हाताला तोड नव्हती. तिनं टाकी लावलेल्या जात्यावर पाच वर्षांची पोर एका हातानं शेरभर दळायची, असं म्हणतात.

पण तोंड मोठं वाईट. कुणी पाणी विचारलं नाही तर ती घालूनपाडून बोलायची आणि विचारलं तरी बोलायची. पीठ जाड पडतं म्हणून कुणी सांगितलं, तर त्या बाईच्या माहेरापर्यंत जायची. बाया तिला जातं दाखवायच्या आणि स्वतः मागल्या दारी जाऊन उभ्या राहायच्या.

तायव्वाला एकच लेक, गंगू. लग्न होऊन ती ओढ्यापल्याड खालच्या आळीत गेली. हाकेच्या अंतरावर घर, पण पहिल्या पंचमीला आली ती शेवटचीच. पुढं दोन पंचम्या गेल्या तरी पोरीचा पाय माहेराला लागला नाही. तायव्वा बोलवायला गेली तेव्हा गंगू दारातच म्हणाली, "आई, तुझ्याशी चार शब्द बोललं की अंगाला खरचटल्यागत होतं. मी न्हाई येत."

तायव्वा आल्या पावली मागं फिरली. न भांडता, आयुष्यात पहिल्यांदाच. माळावर येऊन ती दिवसभर बसून राहिली. दगडाला कुठं मारायचं, किती मारायचं, कुठं हात आवरायचा, हे तिला कळत होतं. माणसाशी ते कसं करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग ती शिकायला लागली. कुणाला न सांगता, कामाच्या घरांतूनच शिकायला लागली. ती उंबऱ्यापाशी बसून टाकी चालवायची आणि कान घरात ठेवायची. बाळाई नावाची एक म्हातारी होती. तिच्याकडे कुणी तावातावानं भांडायला आलं तरी ती आधी म्हणायची, "उन्हातनं आलीस, टेक जरा." तेवढ्यानं येणारीचा आवाज खाली यायचा. तायव्वानं ते उचललं. तेल्याच्या घरातली थोरली सून चूक झाली की "चुकलं माझं" एवढंच म्हणायची, पुढं कारणांचं शेपूट लावायची नाही. तायव्वाला हे फार अवघड गेलं. आणि कुंभाराची एक चिमुरडी होती. ती समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत तोंडाकडे टक लावून बघायची, मध्ये बोलायचीच नाही. त्या पोरीला बघून तायव्वा ओठ दाबून बसायला शिकली.

माणसांपुढं एकदम जीभ वळायची नाही. म्हणून ती माळावरच्या दगडांना बोलायची. "कसं काय, बरं हाय का?" असं प्रत्येक धोंड्याला विचारत घरी जायची. लोक हसायचे. पण त्या वाटेवरचे दगड तिच्या बोलण्यानं गुळगुळीत झाले, असं म्हणतात. आजही त्या वाटेला अनवाणी पायाला खडा टोचत नाही.

अशी चार वर्षं गेली. आणि एका सकाळी गंगूच आईच्या दारात उभी राहिली. कडेवर तान्हा मुलगा, डोळे लाल.

"आई, आज तुझी जीभ पाहिजे मला," ती म्हणाली. "माझ्या जावेला, त्या मल्लव्वाला, अशी बोल की पुन्हा तोंड वर काढायची न्हाई."

दोघी जावांचं घर फुटलं होतं. भांडी वाटली, अंगण वाटलं, आणि शेवटी जात्यावर अडलं. कुणी मागं हटेना. तेव्हा खालची तळी गंगूनं घेतली आणि वरची तळी मल्लव्वानं. एका घरात खालचा दगड, दुसऱ्या घरात वरचा, आणि दोन्ही घरांत पीठ नाही. ते सालही सुगीचं नव्हतं. शेजारणी तरी रोज आपलं जातं किती देणार?

तायव्वा झोळी घेऊन निघाली. अख्खी आळी बघायला जमली, कारण तिचं तोंड सगळ्यांना ठाऊक होतं. ती लेकीच्या दारावरून पुढं गेली आणि मल्लव्वाच्या उंबऱ्यात बसली.

मल्लव्वा कमरेला पदर खोचून तयारच होती. "या! लेकीची बाजू घेऊन आलात न्हवं? बोला, काय बोलायचं ते."

"टाकी लावायला आले," तायव्वा म्हणाली. "पण तू आधी टेक जरा. किती वाळलीस गं!"

मल्लव्वाला हे अपेक्षित नव्हतं. ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तायव्वा तिच्या तोंडाकडे बघत बसली. रडता रडता मल्लव्वा बोलली. तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. गंगूला मुलगा झाला तेव्हा पाळण्यात डोकावायचं तिला धाडस झालं नाही. गंगूला वाटलं, ही जळते. आणि बारशाला, साऱ्या बायांपुढं, गंगू म्हणाली होती, "बरं झालं आली न्हाई. तिची सावली नको माझ्या लेकरावर."

तायव्वानं झोळी खाली ठेवली. ते शब्द तिनं ओळखले. वीस वर्षांपूर्वी अशाच एका बाईला तिनं ते ऐकवले होते, आणि तेव्हा चार वर्षांची गंगू तिच्या पदराला धरून उभी होती.

"मल्लव्वा," ती म्हणाली, "ते बोलणं माझ्या पोरीचं न्हाई, माझं हाय. माझ्याच तोंडचं तिनं उचललं. चुकलं माझं." आणि आपल्या लेकीच्या वयाच्या बाईपुढं, साऱ्या आळीदेखत, तिनं हात जोडले.

गंगू मागोमाग येऊन मल्लव्वाच्या दाराबाहेरून ऐकत होती. आधी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आईनं भर आळीत आपल्याला उघडं पाडलं, असं तिला वाटलं. मग आईचे जोडलेले हात तिनं पाहिले. त्या हातांना असं जुळलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती आत आली आणि तिनं तान्ह्याला मल्लव्वाच्या मांडीवर ठेवलं. बाळानं मल्लव्वाचं बोट धरलं. "जाऊबाई, मी लई वंगाळ बोलले," गंगू म्हणाली. मल्लव्वानं एका हातानं बाळ छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं गंगूला जवळ ओढलं.

दोघींनी मिळून वरची तळी उचलून गंगूच्या घरी नेली. तायव्वानं दोन्ही दगडांना टाकी लावली आणि ते एकावर एक बसवले. घरात एक मूठ जोंधळा होता, तो जात्याच्या तोंडात वैरला आणि दोघी समोरासमोर बसून दळायला लागल्या. असं म्हणतात, की त्या एका मुठीचं पीठ दिवस कलेपर्यंत पडत राहिलं. आळीतल्या प्रत्येक घरानं बांबूचं शिप्तर भरून नेलं, तरी जात्याभोवतीचा ढीग कमी होईना. त्या जात्याची घरघर तीन गावं ऐकत होती.

गंगू त्या वर्षी पंचमीला माहेरी आली, मल्लव्वाला बरोबर घेऊन.

पुढं लांबलांबच्या गावांहून तायव्वाला बोलावणी यायची. जात्याला टाकी लावायचं निमित्त असायचं. तिनं किती घरं जुळवली, त्याची गणती कुणी ठेवली नाही. ती गेली ते कुणाला दिसलं नाही. एका दुपारी माळावर ठक ठक वाजत होतं आणि मग थांबलं, एवढंच सांगतात. माळावर जाऊन पाहिलं तर झोळी होती, तायव्वा नव्हती.

आता करंजओढ्याला सडक आहे, दोन गिरण्या आहेत. तरी कुठल्याही घरी लग्न निघालं की हळद जात्यावरच दळतात. आणि पहिली मूठ दळायला कोण बसतं? गावात ज्या दोघींचं बोलणं बंद असेल, त्या दोघी. थोरल्या बाया मानानं त्यांना दारी जाऊन बोलावून आणतात. हळद वैरायच्या आधी "तायव्वा, तुझे उपकार" असं सगळ्या मिळून म्हणतात. कुणी कुणाला काही विचारत नाही. खुंट्यावर एकावर एक हात पडतात आणि जातं फिरायला लागतं. तेवढा वेळ दोन्ही गिरणीवाले आपापली गिरणी बंद ठेवतात, जात्याचा आवाज गावभर जावा म्हणून.