देवराईतली वाळकी फांदी

फार फार वर्षांमागे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात, झऱ्यावर दोघी जणी कुजबुजत होत्या.

"गुरवाच्या घरी म्हणे, देवराईतलं लाकूड..."

तेवढ्यात मागून आक्का घागर घेऊन आली. एकीने पदर सावरला, दुसरी उगाचच कळशी घासत बसली.

पण आक्काला तेवढं पुरलं.

देवराई म्हणजे देवाचं रान. तिथली काडीसुद्धा उचलायची नाही, असा गावाचा नियम. तो राखायचं काम गुरवाचं. मागच्या पावसाळ्यात आक्काची लेक बाळंत झाली, तेव्हा घरात कोरडं सरपण नव्हतं. न्हाणीचं पाणी तापवायला आक्काने राईतल्या काटक्या उचलल्या, तर गुरवाने तिला मोळी डोक्यावर देऊन भर चावडीवर उभं केलं. "देवाचं रान आहे, तुझ्या बापाचं नव्हे!" सगळं गाव बघत होतं. ते आक्का कशी विसरेल?

आता ती तडक गुरवाकडे गेली असती, तर गोष्ट इथेच संपली असती. पण ती गेली शेजारणीकडे. शेजारणीच्या ओट्यावर एका लाकडाची गाडीभर लाकडं झाली. चावडीवर पोचेपर्यंत तर गुरवाने अर्धी राई विकून खाल्ली होती!

"मग आपणच काय म्हणून नियम पाळायचे?" कुणीतरी म्हणालं, आणि त्याच दिवशी कुऱ्हाडी निघाल्या. गुरव आडवा आला, त्याने हात जोडले. "तू तर बोलूच नको!" म्हणत लोकांनी त्याला बाजूला सारलं. कुणाला घराला तुळई हवी होती, कुणाला चुलीला सरपण. आक्कानेही मोळी बांधली. या वेळी ताठ मानेने.

झाडं गेली, आणि त्यांच्या मुळांनी धरलेलं पाणीही गेलं. उन्हाळ्यात झरा आटला.

नातू पाण्यासाठी रडायला लागला, तशी आक्का घागर घेऊन झऱ्यावर धावली. तिथे नुसते दगड, आणि दगडावर बसलेला गुरव. तेव्हा कुठे तिने विचारलं, "गुरवा, खरं सांग. नेलं होतंस का रे लाकूड?"

"नेलं होतं," गुरव खाली बघत म्हणाला. "एक वाळकी, पडलेली फांदी. सून बाळंत झाली होती. पाणी तापवायचं होतं."

"आणि मला चावडीवर उभं केलंस!"

"केलं. तू तेव्हाच येऊन विचारलं असतंस, तर मी कबूल झालो असतो की खोटं बोललो असतो, देव जाणे. पण आक्का, राई तरी उभी राहिली असती."

आक्काने झऱ्यावर ऐकलं तेवढंच खरं होतं. पुढचं सगळं गावाने आपल्या पदरचं जोडलं होतं. रिकामी घागर काखेत घेऊन ती उन्हातून घरी निघाली. वाटेत बसायला कुठे सावली नव्हती.

लहानांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याचं ढोंग दिसलं, तर त्याला तोंडावर जाब विचारावा, त्याच्या आडून आपली कुऱ्हाड चालवू नये.