आज रक्ताची तारीख

“...मग हे संपणार तरी कधी, अप्पा?”

बसलिंग मास्तरांनी नऊ वर्षांच्या नीलाला अप्पास्वामींपुढं उभं केलं. मठाच्या पायऱ्या चढूनच पोरीला धाप लागली होती. चेहरा पिवळा पडला होता.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“थॅलेसेमिया. अंगात पुरतं रक्तच बनत नाही. दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं चढवायचं. आठ वर्षं झाली.”

“आता कधी आहे?”

“आजच. हिची आई दवाखान्यात नंबर लावून बसलीय. मी हिला परस्पर इकडं आणलं.”

शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस हे ताठ मानेनं सांगत होता. मी मठाचा सेवेकरी, बाजूला उभा राहून ऐकत होतो.

“आता तुमच्या पायांचं तीर्थ द्या. बास झालं. कुणाकुणाच्या रक्तावर जगवायची माझी पोर?” मास्तरांचा आवाज फुटला. “सुई टोचली की ती माझ्याकडं बघते, अप्पा. मला नाही सहन होत...”

रिवाजाप्रमाणे मी त्यांचे पाय धुवायला परात आणि तांब्या आणून ठेवला.

अप्पांनी नीलाला जवळ घेतलं.

“रक्त चढतं तेव्हा कसं वाटतं गं?”

“आधी हात गार पडतो. मग भूक लागते.”

“कुणाचं असतं ते?”

“पिशवीवर नाव नसतं.” ती जरा थांबली. “मी विचारते त्यांना, जेवलात का म्हणून. आई म्हणते, रक्त दिल्यावर बिस्किटं देतात.”



अप्पा उठले. तिला उचलून स्वतःच्या आसनावर बसवलं. तिचे पाय परातीत घेतले, धुतले, आणि ते पाणी ओंजळीत घेऊन प्यायले.

तीस वर्षं मी मठात आहे. अप्पांना कुणापुढं वाकताना पाहिलं नव्हतं.

“अप्पा! हे काय करताय? लेकरू आहे ते...” मास्तर पुढं धावले.

अप्पांनी ओला हात डोळ्यांना लावला.

“नाव न सांगता देणारे इतके जण मला एका जागी कुठं भेटले असते, मास्तर? उचला पोरीला. तिकडं दवाखान्यात तिच्यासाठी अजून एक जण येऊन थांबलाय.”