इमूचा सोपटाचा डबा

समुद्राच्या अलीकडे आणि केळीच्या वाड्यांच्या पलीकडे, वसईच्या बाजूला, एक एवढंसं गाव होतं. त्या गावात इमेल्दा नावाची मुलगी राहायची. नाव केवढं लांबलचक आणि मुलगी केवढीशी! म्हणून सगळे तिला इमूच म्हणायचे. दोन वेण्या, एकीला लाल रिबीन, दुसरीला पिवळी. एकाच रंगाच्या दोन रिबिनी घरात नव्हत्या, हे खरं कारण. पण कुणी विचारलं, तर इमू सांगायची, "मला दोन्ही रंग आवडतात."

इमूचा बाबा होडी घेऊन दर्यावर गेला, तो परत आलाच नाही. तेव्हापासून आय दुसऱ्यांच्या वाडीत फुलं खुडायला जायची. घरातली पितळी ताटं, झाकणाचे डबे, कडीची पातेली एकेक करून बाजारात गेली. उरलं ते पोचे आलेलं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक ताट. त्यात दोघी मायलेकी जेवायच्या, एका बाजूने आय आणि एका बाजूने इमू. शेवटचा घास "तू घे, तू घे" असं म्हणत दोघींचं रोज गोड भांडण व्हायचं.

नाताळ उद्यावर आला होता. आयने कधीपासून जपून ठेवलेला गूळ काढला, वाडीच्या मालकिणीने दिलेले नारळ खवले आणि नेवऱ्या तळल्या. नेवऱ्या म्हणजे नाताळातल्या करंज्या. अर्ध्या चांदोबासारख्या, खुसखुशीत, पोटात गूळ, खोबरं आणि वेलची. घरभर असा काही घमघमाट सुटला, की दारातलं मांजर डोळे मिटून नुसतं वासच घेत बसलं.

इमू मात्र आयच्या तोंडाकडे बघत होती. आय हसत नव्हती.

"काय झालं गो आय?"

"नेवऱ्या झाल्या छान. पण पाठवायच्या कशात?" आय म्हणाली.

आता हे तुम्हांला सांगायला हवं. त्या गावात नाताळला घरोघरी वानवळा जायचा. घरी केलेलं गोडधोड भांड्यात घालायचं, वर क्रोशाचा रुमाल घालायचा आणि शेजारी नेऊन द्यायचं. शेजारीण काय करायची? ते भांडं कधीही रिकामं परत करायची नाही. दोन पेरू, मूठभर तांदूळ, निदान एखादं अंडं तरी घालूनच भांडं परत यायचं. रीतच होती तशी.

"आपल्याला पाच घरी द्यायचंय," आय म्हणाली. "आणि सगळ्यांत आधी आगनेसमावशीला. पावसाळ्यात मी तापाने फणफणले होते, तेव्हा तीन दिवस तिनेच माझ्या तोंडात पेज घातली. तिच्या घरी वानवळा गेल्याशिवाय मला नेवरी गोड लागायची नाही."

आगनेसमावशी गावाच्या टोकाला एकटीच राहायची. तिच्याकडे गेलेलं भांडं परत येत नाही, असं सगळे म्हणायचे. बायका विहिरीवर हसायच्या, "आगनेस भांडी गिळते गो!" आणि हळूहळू तिच्याकडे वानवळा जायचा बंदच झाला होता. तिच्या दारात नाताळ यायचा आणि तसाच पुढे निघून जायचा.

"आपलं ताट तिच्याकडे राहिलं, तर आपण जेवायचं कशात?" आय पुटपुटली.

इमूला फार वाईट वाटलं. ती उठली आणि केळीच्या वाडीत गेली. एखादं मोठंसं पान मिळालं तर बघावं, असं तिच्या मनात होतं.

वाडीत हिरवागार उजेड पसरला होता. पानांतून उन्हाचे कवडसे सांडत होते आणि जांभळी केळफुलं टप टप मध गाळत होती. तेवढ्यात कुणाचं तरी बारीकसं रडणं ऐकू आलं. इमूने वाकून पाहिलं. कापलेल्या घडाच्या दांड्याला एक परी चिकटली होती! वेलची केळ्याएवढी उंची, केळफुलाच्या पाकळीचा जांभळा झगा आणि पाठीवर दोन झिरझिरीत, लखलखते पंख. पण पंखांना केळीचा चीक लागून ते पार गच्च बसले होते.

"ओढू नकोस हं, पंख फाटतील!" परी हुंदके देत म्हणाली.

"नाही ओढत. चीक पाण्याने जात नाही, तेलाने जातो," इमू म्हणाली. "थांब, आलेच."

घरातल्या बाटलीत खोबरेल तेल उरलं होतं चमचाभर. उद्या नाताळला इमूच्या वेण्या चपचपीत घालायच्या, म्हणून आयने ते राखून ठेवलं होतं. इमूने क्षणभर आपल्या भुरभुरीत केसांना हात लावला. मग बाटली उचलून पळतच वाडीत आली. बोटाच्या टोकाने थेंब थेंब तेल लावत तिने एकेक पंख हळुवार मोकळा केला. शेवटचा थेंब संपला आणि परी भुर्रकन उडाली! वाडीभर चंदेरी चुरा उधळला.

"मी टरफलपरी," ती इमूच्या अंगठ्यावर बसत म्हणाली. "केळ्याला साल, नारळाला करवंटी, मटाराला शेंग, शेंगदाण्याला टरफल. हे सगळे डबे आम्ही पऱ्याच शिवतो. तू माझे पंख वाचवलेस, म्हणून तुला तीन मागण्या. पण नियम आहेत हं. एक, फक्त भांडी मागायची. आत काय घालायचं ते आम्हांला देता येत नाही, ते माणसांचं काम. दुसरं, भांडं स्वतःसाठी ठेवायचं नाही, द्यायचं. आणि संध्याकाळी चर्चची घंटा होईपर्यंत ते दिलं नाहीस, तर त्याचा पाचोळा होईल."

इमूला तर आनंदाने टुणकन उडी मारावीशी वाटली. "मला पाच डबे दे. चांदीचे! झाकणावर माणकांची फुलं असलेले!"

परीने टिचकी वाजवली. केळीच्या बुंध्याशी पाच डबे झगमगू लागले. किती सुंदर! गुलाबी, निळा, सोनेरी असा उजेड त्यांच्यावरून नुसता घरंगळत होता. इमूने ते घरी नेले, तेव्हा आय डोळे विस्फारून बघतच राहिली. परीचं सगळं ऐकून तिने क्रॉसची खूण केली, नेवऱ्या भरल्या आणि म्हणाली, "जा, आधी मावशीकडे."

आगनेसमावशीने दार अर्धंच उघडलं. डबा पाहिला आणि पुढे केलेला हात तिने पटकन मागे घेतला.

"नको बाय. परत ने."

"का गो मावशी? आयने केल्यात. अजून ऊन आहेत."

"माझे दात पडलेत. नेवऱ्या चावत नाहीत मला," मावशी म्हणाली. खरं तर तिचे सगळे दात जागच्या जागी होते आणि वासाने तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं इमूला स्पष्ट दिसत होतं.

इमू हिरमुसून वाडीत परतली. परी म्हणाली, "बाकीच्या चार घरी जा की! चांदीचा डबा कोण नाही म्हणेल?"

"आधी आगनेसमावशी," इमू हट्टाने म्हणाली. "डबा फारच भारी झाला बहुतेक. मला साधं मातीचं मडकं दे."

दुसरी टिचकी वाजली. लालचुटुक, गुबगुबीत, झाकण घातलेलं मडकं तयार! इमूने नेवऱ्या त्यात घातल्या आणि पुन्हा मावशीचं दार वाजवलं. मावशीने मडक्याकडे पाहिलं आणि या वेळी तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ये आत," ती म्हणाली.

आत फळीवर एक पितळी वाडगा, दोन वाट्या, एक ताट आणि एक कडीचा डबा ओळीने मांडून ठेवला होता. सगळं इतकं चकचकीत, की इमूला त्यात आपल्या दोन रंगांच्या रिबिनी दिसल्या.

"ही लोकांची भांडी," मावशी म्हणाली. "दर शनिवारी राखेने घासते मी. दुसऱ्याची वस्तू आहे, काळी पडता कामा नये. पण रिकामी कशी परत नेऊ, बाय? घालायला माझ्याकडे काहीच नसतं. उद्या काही मिळेल, परवा मिळेल म्हणता म्हणता वर्षं गेली. आता परत न्यायचीही लाज वाटते. चांदीचं असो नाहीतर मातीचं, भांडं घरात आलं की मला झोप येत नाही."

इमूने मावशीचा सुरकुतलेला हात घट्ट धरला, आणि मग मडकं उचलून ती जी पळत सुटली ती थेट वाडीत!

"टरफलपरी, टरफलपरी! केळ्याचं साल कुणी केळीला परत देतं का गो?"

"छे! कोण देतंय?"

"शेंगदाण्याचं टरफल?"

"खाल्लं की फेकलं."

"मग मला तसे डबे शिवायला शिकव. परत द्यावे न लागणारे. एकदा देऊन उपयोग नाही. पुढच्या नाताळलाही तिला वानवळा हवाच ना?"

परीने इवलंसं कपाळ आक्रसलं. "पण नियम भांड्याचा आहे. शिकवणं म्हणजे काही भांडं नव्हे." ती गोल गोल उडाली, थांबली आणि एकदम खुदकन हसली. "हात पुढे कर. ओंजळ कर. हे माणसाचं सगळ्यांत पहिलं भांडं! या भांड्यात मी माझं शिवणकाम ठेवलं, तर नियम कुठे मोडतो?"

तिने इमूच्या ओंजळीत फुंकर घातली. बोटांच्या टोकांना गुदगुल्या झाल्या, आणि इमू कामाला लागली. केळीच्या खोडाचं वाळलेलं साल असतं ना, त्याला म्हणतात सोपट. ते तिने ओलं करून मऊ केलं, घडी घातली, कोपरे दुमडले आणि नारळाच्या झावळीच्या हिराच्या काड्यांनी टाचले. पहिला डबा झाला वाकडा, दुसरा झाला वाकडातिकडा. परी खांद्यावर बसून म्हणत होती, "घडी आत, घडी बाहेर, आता दाब!" तिसरा मात्र असा सुबक झाला, की परीनेच टाळ्या वाजवल्या. झाकणावर इमूने शेवंतीचं पिवळंधमक फूल खोचलं.

पाचवा डबा संपतोय, तोच चर्चची घंटा झाली. घण् घण् घण्! चांदीचे डबे लुकलुकले आणि त्यांचा सळसळता पाचोळा झाला. मडकंही गेलं. इमूला वाईट वाटलं का? वाटलं तर! माणकांची ती फुलं फार सुंदर होती. तिने एक मोठा सुस्कारा टाकला, नेवऱ्या सोपटाच्या डब्यांत भरल्या आणि एक डबा उराशी धरून मावशीचं घर गाठलं.

"मावशी, हा डबा परत द्यायचा नसतो."

"म्हणजे गो?"

"नेवऱ्या संपल्या की केळीच्या बुंध्याशी टाकायचा. नाहीतर चुलीत घाल. आणि मी मागायला आले, तर मलाच ओरड!"

मावशीने डबा हातात घेतला. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग तिथेच उंबऱ्यावर बसून तिने एक नेवरी खाल्ली. मग दुसरी, मग तिसरी. कुरुम कुरुम! पडलेल्या दातांनी इतका छान आवाज इमूने कधीच ऐकला नव्हता. मावशी हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणीही वाहत होतं.

उरलेले चार डबे चार घरी गेले. विहिरीवर हसणाऱ्या बायकांना इमूने फळीवरच्या भांड्यांची गोष्ट सांगितली. त्या चांगल्याच वरमल्या. एक म्हणाली, "रिकामी आण म्हणावं गो, आम्हांला चालतात." आणि मोठ्या घरच्या फिलोमामीने सोपटाचा डबा फिरवून फिरवून पाहिला आणि लेकीच्या लग्नासाठी शंभर डबे सांगितले. "पैसे आधी घ्या," असंही म्हणाली. म्हणजे आता आयला दुसऱ्यांच्या वाडीत जायला नको. मायलेकी आपल्या ओट्यावर बसून डबे शिवतील आणि पोटभर जेवतील.

नाताळची सकाळ उजाडली, केशरी आणि गुलाबी. कागदी तारा वाऱ्यावर डुलत होता. भुरभुरीत वेण्यांची इमू दारात रांगोळी घालत होती, आणि खिडकीच्या गजावर टरफलपरी पाय हलवत बसली होती. एवढ्यात वाटेवर कोण दिसलं? आगनेसमावशी! धुतलेलं लुगडं, केसांत अबोली. कितीतरी वर्षांनी ती नाताळला कुणाच्या घरी निघाली होती. पण दारापाशी येऊन ती अडखळली. दोन्ही हात तिने पाठीमागे लपवले होते.

"मी काहीच आणलं नाही गो," ती आयला हळूच म्हणाली. "हात रिकामेच आहेत."

"बरं झालं, मावशी," आय म्हणाली. "भरलेले असते, तर मला मिठी कशी मारली असतीस?"

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

गजावरची परी उभी राहिली. "मी इतके डबे शिवले," ती इमूच्या कानात कुजबुजली, "पण परत न द्यायचा असा डबा मला आजवर कुणी मागितला नव्हता. माझं शिवणकाम तुझ्या ओंजळीतच राहू दे हं." तिचे पंख उजळले. आधी चंदेरी, मग सोनेरी, मग असा लख्ख प्रकाश, की रांगोळीचा कण न् कण चमकून उठला. त्या प्रकाशातच परी दिसेनाशी झाली.

इमू बघतच राहिली. आयला आणि मावशीला मात्र त्यातलं काही दिसलं नाही. दोघींनी डोळे गच्च मिटले होते आणि एकमेकींना अजून सोडलं नव्हतं.