लिंबाजीच्या परसातलं जेवण

एका गावात एक भोळा नवरा होता. लिंबाजी त्याचं नाव. सांगितलेलं सगळं करायचा, अगदी सांगितलं तसंच.

त्याला आणि त्याच्या बायकोला, वेणूला, दीड वर्षाचं बाळ होतं आणि घरात दुभतं जनावर नव्हतं. वेणूची आई म्हणाली होती, "रविवारी माझी दुभती शेळी घेऊन येते. तुमच्या परसातल्या भाजीचं जेवण मिळालं, तर ती तुमची."

वेणू बाळाला काखोटीला मारून अंगणवाडीत कामाला जायची. परस लिंबाजीच्या हवाली.

सोमवारी तिने धणे पेरायला दिले. त्याने अख्खेच पेरले.

"अहो, आधी चपलेखाली रगडायचे, एकाचे दोन करायचे."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

वेणूला वाटलं, चूक आपलीच. नीट सांगायला हवं होतं.

मंगळवारी शेजारच्या हौसाबाईंनी उबवायला सहा अंडी दिली. लिंबाजीने ती चपलेखाली रगडली.

"एकाचे दोन नाही झाले," तो म्हणाला. "सगळ्यांचं मिळून एकच झालं."

"अहो, टोपलीत भुसा घालायचा, त्यावर ठेवायचं, वर कोंबडी बसवायची. हलू द्यायची नाही."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

बुधवारी हौसाबाईंनी वांग्याची रोपं दिली. अंड्यांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. टोपलीत भुसा, भुशावर रोपं, रोपांवर कोंबडी. ती हलू नये म्हणून लिंबाजी संध्याकाळपर्यंत तिला धरून बसला.

"ऊब चांगली धरलीय," तो म्हणाला. "पण एकही फुटलं नाही."

वेणूने बाळाला खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. मग अगदी सावकाश सांगितलं. "खड्डा करायचा. मानेपर्यंत मातीत गाडायचं. वर तांब्याभर पाणी घालायचं."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

गुरुवारी हौसाबाईंची शेळी पालकात शिरली. लिंबाजीने खड्डा केला, तिला मानेपर्यंत गाडलं, वर तांब्याभर पाणी घातलं. मान मोकळी होती. मान पोचेल तिथवरचा पालक शेळीने संपवला.

"हिला रोज पाणी घालू, की एक दिवसाआड?" त्याने वेणूला विचारलं.

शेळी उपटून काढताना वेणू म्हणाली, "अहो, भाजीला तोंड लावलं की खुंटीला बांधायचं. पुढ्यात पाला टाकायचा. कितीही ओरडली तरी सोडायचं नाही."

"बरं. पुढच्या वेळी तसंच करतो."

रविवार उजाडला. परसात उरला होता थोडा पालक आणि मांडवावरचा एक दुधी. वेणूने पहाटे उठून दोन्ही भाज्या केल्या. मूठभर पालक तेवढा आईला दाखवायला वाफ्यात ठेवला. बाळाला पोलिओचा डोस पाजायला न्यायचं होतं. तिथे रांग असणार. या वेळी सांगण्यात काही राहायला नको म्हणून तिने बोटं मोजत सांगितलं, "पाहुणी दारात आली की पाटावर बसवायची. पोटभर जेवू घालायचं. मला उशीर झाला तर ओटी भरायची आणि दोनच्या एसटीत बसवून द्यायचं. म्हणून दाखवा बरं."

त्याने म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. वेणू निर्धास्त गेली.

रांग भलतीच लांब निघाली. ती परतली तेव्हा दोन वाजून गेले होते. परसात तिची आई खुंटीला बांधलेली, पुढ्यात पाला, ओरडून घसा बसलेला.

"अहो, हे काय केलंत?"

"आल्या आल्या परसात गेल्या. पालकाचं पान खुडून तोंडात टाकलं," लिंबाजी म्हणाला. "सासूबाई आहेत हे कळलं मला. पण तोंड लावलं भाजीला. ओरडल्या खूप. सोडलं नाही."

आईचं दावं सोडून वेणूने स्वैपाकघरात डोकावलं. पातेली लख्ख. "मग जेवण कुणी केलं?"

"पाहुणीने. दारात गरिबासारखी उभी होती. पाटावर बसवली. दोन्ही भाज्या पोटभर जेवली. ओटी भरली, तर तांदूळ खाल्ले, खणही खाल्ला. नारळ तेवढा ठेवला."

"अहो, माझी शेळी कुठंय?" घोगऱ्या आवाजात सासूबाईंनी विचारलं.

"खिडकीची जागा मिळाली तिला. कंडक्टरने अर्धंच तिकीट घेतलं."

सासूबाई मटकन खाली बसल्या. "माझी शेळी परत आल्याशिवाय मी इथून हलायची नाही," त्या म्हणाल्या.

"बरं," लिंबाजी म्हणाला, आणि त्यांच्या पुढ्यात आणखी थोडा पाला टाकला.