खारभाटच्या ख्रिस्ताची उशी

वसईच्या किनारपट्टीवरच्या खारभाट गावी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला पाहुणे आले, की देवळातल्या लाकडी ख्रिस्तापाशी हमखास थबकतात. क्रुसावरून उतरवलेली ती मूर्ती फळीवर निजवलेली असते आणि तिच्या डोक्याखाली झावळीची वाळकी, पिवळी पाती असतात. हे काय, असे कोणी विचारले की बावतीस आजोबा आधी चष्मा पुसतात आणि मग सांगायला लागतात. घाई असेल त्याने विचारूच नये.

फार मागे म्हणे या गावात कार्मेलीन नावाची बाई होती. नवरा समुद्राने नेलेला, एकुलती एक लेक फिलू नऊ वर्षांची. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, फिलूने देवळात आशीर्वाद झालेल्या पात्याचा क्रूस विणला. एक बाजू आखूड, एक लांब. आईने चिडवले तर पोर म्हणाली, "आये, येशूला असाच आवडतो." पावसाळ्यात तापाची साथ आली आणि फिलू गेली. दारामागच्या खिळ्याला तो वाकडा क्रूस तेवढा उरला.

गावचा रिवाज असा, की वर्षभर घरात जपलेली पाती ईस्टरआधीचा उपवासकाळ लागण्याआधी गोळा करून जाळायची आणि राखेच्या बुधवारी तीच राख पश्चात्तापाची खूण म्हणून साऱ्यांच्या कपाळी लावायची. एकही घर सुटता कामा नये. देवळाचा सेवक जोकीम टोपली घेऊन दारात आला, तेव्हा कार्मेलीनचा हात खिळ्यापर्यंत गेला, पण क्रूस काढवेना. शेवटी तिने परसातल्या माडाचे वाळके पाते मोडले, क्रुसासारखे दुमडले आणि टोपलीत टाकले.

दुसऱ्या दिवशी गावाने राख लावून घेतली. कार्मेलीन पुढे गेलीच नाही. आशीर्वाद नसलेले पाते आपण साऱ्या गावाच्या कपाळी लावले, ही गोष्ट तिला आतून खाऊ लागली. ती देवळात मागच्या खांबाशी बसे आणि ख्रिस्तप्रसाद न घेताच घरी जाई. क्रूस ठेवावा तर देवाला फसवल्यासारखे, द्यावा तर लेक पुन्हा एकदा जाणार. बिचारी अशी कात्रीत सापडली होती.

पवित्र आठवड्यातल्या सोमवारी फादर सिमाव बेथानीच्या मरियेची गोष्ट सांगत होते. तिने जपून ठेवलेले सुगंधी तेल येशूच्या पायांवर ओतले, तेव्हा एवढे महागडे तेल वाया गेले म्हणून त्याचा शिष्य यहूदा चिडला. येशू म्हणाला, तिला असू द्या, माझ्या दफनाच्या दिवसासाठी तिने हे राखून ठेवले आहे. एवढे ऐकले आणि कार्मेलीन भर देवळात उठून उभी राहिली. तिने सगळे सांगून टाकले.

जोकीमला फारच लागले, कारण टोपली त्याची होती. "म्हंजे फादर, अख्ख्या गावाच्या कपाळी खोटी राख?"

फादर त्याच्याकडे वळले. "तुझा पश्चात्ताप तरी खरा होता ना, जोकीम?"

जोकीमने मान डोलावली.

"मग झालं. आणि बाय, तू खाली बस. येशूने सांगितलंय, तिला असू द्या. त्यापुढे मी काय बोलू?"

क्रूस त्यांनी मागितला नाही.

त्याच आठवड्यात उत्तम शुक्रवारी दुपारी मूर्ती उतरवली. तेव्हा ती नुसत्या फळीवर ठेवत. कार्मेलीन रांगेतून पुढे आली, पायांचे चुंबन घ्यायला वाकली आणि तिची नजर त्या डोक्याकडे गेली. "लेकराला असं निजवतं का कोण?" एवढेच ती म्हणाली, असे सांगतात. मग पदराआडून वाकडा क्रूस काढून तिने मूर्तीच्या मानेखाली अलगद हात घातला आणि तो डोक्याखाली सरकवला. फिलू गेल्यापासून ती रडली नव्हती, ती त्या दिवशी रडली. शेजारी जोकीमही डोळे पुसत उभा होता म्हणे.

आजही खारभाटमध्ये ज्या घरातले माणूस वर्षभरात गेले, त्या घराचे पाते राखेसाठी घेत नाहीत. ते शुक्रवारी इथे आणून ठेवायचे. मात्र कोणत्या वर्षी आणायचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. बावतीस आजोबांच्या दारामागे आजींच्या हातचे एक पाते सात वर्षे लटकते आहे. गावात अजून कोणी त्यांना त्याबद्दल विचारलेले नाही.